डावीकडचा आरसा

कधी नव्हे त्या कुमुदिनीबाई गाडीत गप्प बसल्या, आणि गाडी गाजरांच्या हातगाडीला घासली. आवाजसुद्धा फार झाला नाही. पत्र्यावर कुणी नख ओढावं तशी एक लांबट करकर, मग दोनचार गाजरं काचेवर येऊन पडली, लालभडक, दिल्लीच्या थंडीतली, आणि गाडी थांबली. सोसायटीचं गेट समोर दिसत होतं. मुरलीधरराव स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. काय झालं! हातगाडी कुमुदिनीबाईंच्या दाराला चिकटून उभी, गाजरवाला काचेवर थापा मारतोय, आणि हा माणूस विचारतोय काय झालं. शब्द ओठांशी आले होते, पण कोपर्निकस मार्गापासून तोंडाला लावलेलं कुलूप इतक्यात उघडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. तेव्हा मुरलीधरराव त्यांच्याकडे वळले, नेमके त्यांच्याकडे नव्हे, जरासे पलीकडे, आणि हळू म्हणाले, "बोल ना गं."

कुलूप लागलं होतं ते हळदीकुंकवात. संक्रांतीनंतर दरवर्षी कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनात ओळखीची मराठी मंडळी जमत. बायका आत, पुरुष व्हरांड्यात चहाचे कप घेऊन, कुणाची बदली कुठे झाली आणि कुणाच्या पोराने कुठे फ्लॅट घेतला ते बोलत. तिळगूळ वाटता वाटता सुमित्रा, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधली जुनी शेजारीण, सगळ्यांदेखत म्हणाली, "कुमुद, रेडिओ आणलास ना बरोबर? परवा तुमच्या गाडीतून आलो आम्ही. बाई गं! सायकल आली, कुत्रं आलं, डावीकडे कुणी घुसतंय, उजवीकडे बघा... घर येईपर्यंत बंद म्हणून नाही." बायका हसल्या. त्याचं काही नव्हतं. "माझा रेडिओ तरी बरा, तुझ्या घरी भोंगा आहे," असं सुनावून कुमुदिनीबाईंनी कुंकवाचं बोट तिच्या कपाळावर जरा जोरातच टेकवलं. पण दारात उभे असलेले मुरलीधरराव हसले, आणि वर म्हणाले, "वहिनी, बंद करायचं बटणच दिलेलं नाही कंपनीने. शोधून शोधून थकलो." हे मात्र लागलं. चारचौघांत नवऱ्याने बायकोला हसावं यात नवीन काही नव्हतं, त्याही त्याला काही कमी हसल्या नव्हत्या. लागलं ते निराळंच. आपण का बोलतो हे या माणसाला कळतच नाही. आणि कळू नये म्हणून तर एवढा आटापिटा केला. इतक्या बारीक टाक्यांनी रफू केलं की कुणाच्या नजरेला येऊ नये, आणि आता नजरेला येत नाही म्हणून जीव जळतोय. बरं, बंदच करून दाखवते तुमचा रेडिओ. इंडिया गेट मागे गेलं, यमुनेचा पूल गेला, त्या ओठ आवळून बसल्या. पुलावर एक मोटारसायकल डावीकडून घुसली तेव्हा जीभ टाळूला दाबून धरावी लागली.

गाजरवाल्याशी मुरलीधररावांनीच मिटवलं. खाली उतरून, गाडीच्या कडेला हात लावत लावत पलीकडे जाऊन, त्याची सगळीच्या सगळी गाजरं विकत घेतली, चिरडलेली आणि धड दोन्ही. कुमुदिनीबाई आत बसून होत्या. त्यांना त्या गाजरवाल्याचा हात तेवढा दिसत होता. तराजूचं पारडं धरलेला, बोटांच्या भेगांत माती गेलेला, सगळ्यांचा असतो तसा हात. हातगाडीच्या कडेपासून वीतभर आत होता. वीतभर बाहेर असता तर? आपण बोललो असतो तर वीत काय, सगळा रस्ता मोकळा होता. घरी पोचेपर्यंत त्यांनी मांडीवर स्वतःचाच हात दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला होता, आणि मुरलीधररावांना वाटलं असेल की अजून राग गेला नाही.

हे सगळं सुरू झालं ताटापासून. ताट वाढण्यात कुमुदिनीबाईंचा हात धरणारी बाई दिल्लीत नव्हती, असं त्या स्वतःच म्हणत. शाळा तिसरीत सुटली, पाठच्या भावंडांना सांभाळायला. पण डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भात, हे त्यांना कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी चुकलं नसतं. काही वर्षांपूर्वी त्यांच्या लक्षात आलं की मुरलीधररावांच्या ताटाची डावी बाजू तशीच राहते. आधी वाटलं, चटणी तिखट झाली. मग वाटलं, चिडलेत. मग एकदा लसणाची चटणी मुद्दाम वाढली, जिच्यासाठी हा माणूस पंगतीत दुसऱ्याच्या पानाकडे बघतो, तीही तशीच राहिली आणि जेवता जेवता ते म्हणाले, "आज चटणी नाही केलीस?" दुसऱ्या दिवसापासून कुमुदिनीबाईंनी चटणी भाताच्या पुढ्यात, मधोमध वाढायला सुरुवात केली. रेवती, त्यांची सून, दोन दिवस बघत राहिली आणि मग नवऱ्याला, प्रसन्नला, हळूच म्हणाली की आई हल्ली विसरतात वाटतं. ऐकू आलं होतं. जन्मात पहिल्यांदा कुणी त्यांच्या वाढण्याला नाव ठेवलं आणि त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. मुरलीधरराव डोळ्यांत थेंब घालत. "डोळे कोरडे पडतात, दिल्लीची हवा," असं सांगत. रिकामी बाटली कुमुदिनीबाईंनी पदराखाली घेऊन औषधवाल्याला दाखवली. "काला मोतिया की दवा है, माताजी," तो म्हणाला, "बाजू की नज़र जाती है. गई हुई लौटती नहीं. बस रोज़ डालते रहो." म्हणजे काचबिंदू. त्या घरी आल्या, बाटली होती तिथे ठेवली, आणि भाकरी थापायला बसल्या. पीठ जरा जास्तच मळलं गेलं त्या दिवशी.

तेव्हाच सांगून टाकायचं होतं. पण कुणाला? प्रसन्नला सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी चावी काढून घेतली असती, आणि बरोबरच होतं त्याचं. मग ब्रीफकेस घेऊन मंत्रालयात जाणारा, कुठल्याही साहेबाची गाडी न मागणारा हा माणूस सोसायटीच्या बाकावर, कुणी नेईल का म्हणून वाट बघत बसला असता. नवऱ्याला सांगायचं तर त्याहून कठीण. तुम्हाला दिसत नाही, हे तोंडावर कसं म्हणायचं? त्यांना स्वतःला कुणी कधी म्हटलं होतं का? लग्न होऊन त्या दिल्लीत आल्या तेव्हा सगळीकडे पाट्याच पाट्या होत्या, बसवर, दुकानांवर, दवाखान्यावर, आणि कुमुदिनीबाईंना त्यातलं अक्षर लागेल तर शपथ. मराठीसुद्धा बोट ठेवून वाचायच्या, ते हिंदी तर अंगावर यायचं. पण आपल्याला वाचता येत नाही हे नव्या नवऱ्याला सांगण्यापेक्षा त्या हरवून जायला तयार होत्या. सांगायची वेळच आली नाही. त्यांच्याबरोबर चालताना मुरलीधर आपल्या आपण पाट्या वाचायचा. मोठ्याने, जसा काही त्याला नादच होता. "हं, गुप्ता बर्तन भंडार. हं, यहाँ साइकिल मरम्मत होती है." कधी त्यांच्याकडे बघून नाही. आणि पाटी लांब असली की पावलं सावकाश टाकायचा, चपलेचा अंगठा तुटल्यासारखा, ती वाचून संपेपर्यंत. बघता बघता कुमुदिनीबाईंना पाट्या लागायला लागल्या. एके दिवशी बस स्टॉपवर त्यांनी आपणहून एक पाटी वाचली, तेव्हा त्याने नुसतं "अच्छा?" म्हटलं, जसं काही त्यालाच ती ठाऊक नव्हती. त्यानंतर त्याचा तो नाद आपोआप सुटला. या गोष्टीबद्दल त्या दोघांत आजवर एक शब्द झाला नव्हता. तेव्हा सांगायचं नसतं, करायचं असतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी रेडिओ लावला. "अहो, डोळे कुठे ठेवलेत, उजवीकडनं रिक्षा घालतोय तो मेला." "हळू, डावीकडे शाळेची पोरं आहेत, का उडवायचीत?" जीभ मूळचीच धारदार, तिला नवीन काम मिळालं. प्रसन्न म्हणायचा, "आई, बाबांना चालवू दे ना शांतपणे." मैत्रेयी, नात, कानात ती वायरची बोंडं घालून बसायची. जगाला वाटायचं बाई कजाग आहे. वाटू दे. कजाग बायकोमुळे कुणाची मान खाली जात नाही, उलट लोक नवऱ्याची कीवच करतात.

त्याच थंडीत मुरलीधरराव त्यांना करोल बागेत घेऊन गेले होते, गाड्यांच्या सामानाच्या गल्लीत. "पुढचे बल्ब बदलू या, धुकं फार वाढलंय," म्हणाले. धुकं! त्या मनात म्हणाल्या, बदला बाबा, लख्ख करा. दुकानदाराने फुटपाथवर स्टूल दिलं, त्यावर बसून त्यांनी छोले खाल्ले आणि येणाऱ्या जाणाऱ्यांना नावं ठेवली. दिव्यांबरोबर आणखीही काय काय उपद्व्याप केले होते. त्यांची सीट खाली पट्ट्या घालून उंच केली, "तुझे गुडघे दुखतात, उतरायला सोपं पडेल," आणि समोरच्या काचेवर, त्यांच्या बाजूला, एक छोटा आरसा चिकटवला. "कुंकू बघायला होईल." कुमुदिनीबाईंनी तिथेच तोंड सोडलं होतं. सीट इतकी उंच की पाय लोंबकळतात, मी काय पाळण्यातलं मूल आहे? आणि म्हातारपणी कुंकू कुणाला दाखवायचंय? आरसा तर असा वाकडा बसवलेला की त्यात आपलं तोंड म्हणून दिसत नाही, मागचा रस्ता तेवढा दिसतो. त्या तो आपल्याकडे वळवायच्या; पुढच्या खेपेला तो पुन्हा वाकडा झालेला असायचा. "हलवू नकोस गं, निघेल तो," मुरलीधरराव म्हणत. पुढे कुमुदिनीबाईंनी नाद सोडला, कारण त्यांच्याच लक्षात आलं की मागून येणारी मोटारसायकल त्यात आधी कळते. हे त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं. त्याचा त्यांना गर्व होता. एक आण्याचंही शिक्षण नसलेली बाई नवऱ्याच्या भोंगळ कारभारातून कामाची गोष्ट काढते, असं मनातल्या मनात म्हणत त्या त्या आरशात बघायच्या, आणि बोलायच्या.

गाडी घासली त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रसन्नने दारावरचा ओरखडा पाहिला. रागावला नाही, तो रागावत नाही, ऑफिसचं काम हातात घेतल्यासारखा फोन घेऊन बसला. जेवणाच्या टेबलावर गाजराचा हलवा होता. आदल्या रात्रीपासून गाजराशिवाय घरात दुसरं काही शिजलंच नव्हतं. "बाबा, गाडीच्या विम्याची पॉलिसी दिवाळीतच संपलीय. किती मेसेज आलेत तुम्हाला!" मुरलीधरराव म्हणाले, "राहून गेलं." फोनवरची अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसत असणार, कुमुदिनीबाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्या समोर, बरोबर मध्ये सरकवला. प्रसन्न वाचत होता. आता नवीन घ्यायची तर आधी कंपनीचा माणूस येऊन गाडी बघणार, आणि त्याला सगळं खरं सांगायचं, गाडी कारखान्यातून आली त्यापेक्षा काय काय वेगळं केलंय. "रंग, चाकं, सीट, गॅस... अरे, हेडलाइटचे बल्बसुद्धा विचारलेत. बाबा, बल्ब बदललेत का तुम्ही?" मुरलीधररावांचा घास क्षणभर ताटाच्या वर राहिला. "बदललेत. धुक्यासाठी." "मग सांगावं लागेल. का बदलले तेही विचारतील." "धुक्यासाठी," ते पुन्हा म्हणाले. मैत्रेयी मध्येच म्हणाली, "बाबा, चलो ना यार, लवकर करून टाका. माझं लर्निंग लायसन्स आलंय. संडेपासून आजोबा शिकवणार आहेत मला, प्रॉमिस केलंय त्यांनी. आणि आजी, तू नाही हं यायचं. तू ओरडतेस, मला टेन्शन येतं." सगळे हसले. मुरलीधररावही हसले, पण उशिरा. कुमुदिनीबाईंच्या हातातला डाव हलव्यात उभाच राहिला. "मी कशाला येऊ मरायला," त्या म्हणाल्या, आणि शब्द बाहेर पडल्यावर त्यांचा अर्थ त्यांना उमगला. ती पोरगी चालवणार, नवशिकी, आणि शेजारी बसून तिला सांभाळणार हे. ज्यांना चटणी दिसत नाही.

पुढचे दिवस कुमुदिनीबाई घरात वावरल्या, पण जिथे होत्या तिथे नव्हत्या. भाजी निवडताना मेथीच्या काड्या ताटात आणि पानं कचऱ्यात गेली. नवऱ्याशी बोलणं सुरू झालं होतं, पण जेवढ्यास तेवढं. कधी वाटायचं, प्रसन्नला बाजूला घेऊन सांगून टाकावं. मग मुरलीधरराव सकाळी गाडी पुसताना दिसायचे, वरच्या बाल्कनीतून, पिवळा फडका घेऊन, बोनटवरून हात फिरवत, एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत, आणि त्यांचा निश्चय पातळ व्हायचा. या माणसाने आपल्याला एकदाही म्हटलं नाही, तुला वाचता येत नाही. आणि आपण याला मुलासमोर आंधळा म्हणायचं? मग डोळ्यांपुढे तो हात यायचा, गाजरवाल्याचा, आणि त्याच्या जागी कधी मैत्रेयीचा, नखांना निळा रंग लावलेला. आपण गप्प राहिलो की काय होतं ते एकदा बघून झालं होतं.

रविवारी सकाळी कंपनीचा सर्व्हेअर आला. जाडसर, गळ्याला मफलर, गुडघ्यांवर हात ठेवून उठणारा, "राम राम जी" करणारा. गाडी सोसायटीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये कोवळ्या उन्हात उभी होती. प्रसन्न बरोबर होता, मुरलीधरराव कोटाच्या खिशात हात घालून उभे होते, चावी त्या खिशात वाजत होती. कुमुदिनीबाईंना कुणी बोलावलं नव्हतं; त्या शाल घेऊन खाली आल्या आणि गाडीच्या नाकासमोर उभ्या राहिल्या. सर्व्हेअरने चारही बाजूंनी फोटो काढले, ओरखड्याचा काढला, आणि म्हणाला, "आगे की लाइट जलाइए." भर उन्हातही ते दिवे डोळ्यांत घुसले. "ये कंपनी वाले बल्ब नहीं हैं, साहब." "धुंध के लिए लगवाए थे," मुरलीधरराव म्हणाले. "लगवाते हैं सब. पर लिखवा दीजिए, ये तेज़ वाले हैं. न लिखवाया और कल कुछ हो गया, तो क्लेम में सबसे पहले यही निकलेगा." मग त्याने डाव्या बाजूचं दार उघडलं, वाकून सीटखाली बघितलं. "ये भी ऊँची कराई है." "मेरे घुटनों के लिए," कुमुदिनीबाई म्हणाल्या. तो मान डोलावून आत बसला, मफलर सावरला, समोर बघितलं, आणि मग त्या छोट्या आरशाकडे बोट करून सहज विचारलं, "माताजी, ये गाड़ी ड्राइविंग स्कूल में चलती थी क्या?"

प्रसन्न हसला. "नहीं नहीं, घर की गाड़ी है." "तो ये शीशा? ये तो उस्ताद वाला शीशा है. जो बगल में बैठकर सिखाता है, वो इसमें पीछे का देखता है. सीट भी उसी हिसाब से उठाई है, देखिए, यहाँ से बोनट का कोना तक दिखता है. जिसने किया है, नाप लेकर किया है." आणि मग त्यानेच सोय करून दिली. "बिटिया सीख रही होगी? फिर ठीक है, मैं वही लिख देता हूँ."

कुमुदिनीबाईंना ते नीट ऐकूच आलं नाही. त्या आरशाकडे बघत होत्या. नाप लेकर. म्हणजे त्या दिवशी फुटपाथवर त्या छोले खात असताना हा माणूस आत बसून, उठून, पुन्हा बसून बघत होता, आपली बायको किती उंच आहे, तिला कुठून काय दिसेल. म्हणजे तेव्हापासून. म्हणजे आधीपासून. पुन्हा पुन्हा वाकडा होणारा आरसा, हलवू नकोस गं. आपण शोधून काढलं म्हणून मिरवत होतो ते याने आधीच तिथे ठेवलेलं होतं, पाटी वाचावी तसं, आपल्याकडे न बघता. पहिल्यांदा त्यांना राग आला, खरा राग, फसवल्यासारखा. मग सुमित्रासमोरचं ते हसणं आठवलं, आणि ते आता निराळंच दिसायला लागलं. दुसरं काय बोलणार होता तो तिथे, त्या व्हरांड्यात? हो वहिनी, तिच्या बोलण्यावर मी गाडी चालवतो, असं? आणि गाडी घासल्यावर, त्या पडलेल्या गाजरांमध्ये, बोल ना गं. त्यांना वाटलं होतं, रुसवा काढतोय. तो माणूस अंधारात उभा राहून हाक मारत होता.

"काय हो," त्या म्हणाल्या. "हा आरसा कुंकू बघायला होता ना?"

मुरलीधरराव त्यांच्याकडे वळले, जरासे पलीकडे. खिशातली चावी वाजायची थांबली होती. "नाही," ते म्हणाले.

"मग मला सांगितलं का नाही कधी?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

प्रसन्न दोघांकडे आळीपाळीने बघत होता. "काय चाललंय? कसला आरसा?" सर्व्हेअर पेन उघडं धरून थांबला होता, बिटिया सीख रही है, एवढं लिहून तो दुसऱ्या गाडीकडे गेला असता, आणि त्याच दिवशी मैत्रेयी त्या उंच सीटच्या शेजारी, उजव्या हाताला, स्टिअरिंग धरून बसली असती. कुमुदिनीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मुरलीधररावांनी होकारार्थी मान हलवली. इतकी थोडी, की दुसऱ्या कुणाला कळली नसती.

"बिटिया के लिए नहीं," कुमुदिनीबाई म्हणाल्या. त्यांचं हिंदी आजही खडबडीत होतं, पण आवाज ठणठणीत होता. "लिखो भाईसाब. बल्ब इसलिए बदला कि इनको कम दिखता है. सीट और शीशा मेरे वास्ते है. इनको बाजू का नहीं दिखता, मैं बोलती हूँ, ये चलाते हैं. आज तक ऐसा चला. अब नहीं चलेगा. सब लिखो."

सर्व्हेअरने पेनाचं टोक तोंडाशी नेलं. "इतना तो कॉलम भी नहीं है, माताजी," तो म्हणाला, आणि मग हळूच, "बल्ब और सीट लिख देता हूँ. पुराने बल्ब लगवा लीजिए, अच्छा रहेगा." तो गेल्यावर प्रसन्नचा आवाज चढला, कित्येक वर्षांत चढला नव्हता तसा. "आई, तुला माहीत होतं? आणि तुम्ही दोघं रस्त्यावर... कुणाला काही झालं असतं म्हणजे?" "ओरड," त्या म्हणाल्या. "ओरडायलाच हवं, चुकलंच आमचं. पण माझ्यावर ओरड, माझ्याकडे उत्तरं तयार असतात. त्यांच्यावर नको." मुरलीधररावांनी चावी बाहेर काढली, तळहातावर धरून क्षणभर तिचं वजन बघितल्यासारखं केलं, आणि मुलापुढे हात केला. "तिने नाही चालवली रे गाडी. मी चालवली," ते म्हणाले. प्रसन्नने चावी घेतली, पण हात लगेच सोडला नाही. मग जिना चढून निघून गेला. ते दोघं उन्हात उभे राहिले. "आता चटणी डावीकडे वाढली तरी चालेल," मुरलीधरराव म्हणाले, "मी हाताने शोधेन." कुमुदिनीबाईंनी शालीच्या टोकाने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "काही गरज नाही. आहे तिथेच बरी आहे."

पुढच्या रविवारी प्रसन्न त्यांना करोल बागेत घेऊन निघाला, जुने बल्ब परत बसवायला. मुरलीधररावांनी ते मूळच्या खोक्यांत, कापसात गुंडाळून जपून ठेवले होते; सरकारी नोकरीतला माणूस, सरकारने दिलेली वस्तू परत मागितली जाईल या हिशेबाने. खोकी त्यांच्या मांडीवर होती. पुढे कुमुदिनीबाईंच्या सीटवर मैत्रेयी बसली होती, "आजी, यार, इथून सगळंच दिसतं!" म्हणत. म्हातारा-म्हातारी मागे. प्रसन्न आठवडाभर आईशी कामापुरतंच बोलत होता, आताही मान ताठ ठेवून चालवत होता. चांगली चालवत होता, सांगायला काही उरलं नव्हतं. कुमुदिनीबाईंच्या जिभेला कसंतरीच वाटत होतं, दात पडलेल्या जागेकडे जाते तशी ती शब्दांच्या जागेकडे जाऊन परत येत होती. यमुना गेली. मुरलीधरराव समोर बघत होते, जिथे त्यांना दिसायचं तिथे, मैत्रेयीच्या डोक्याच्या आणि सीटच्या मधल्या फटीत.

करोल बागेतली गर्दी सुरू झाली तेव्हा ते हळू म्हणाले, "बोल ना गं."

"आता कशाला? चालवणारा डोळस आहे."

"त्याच्यासाठी नाही. मला कळायला."

कुमुदिनीबाईंनी एकदा समोर बघितलं, मुलाच्या मानेकडे. मग पदर सावरून बसल्या. "डावीकडे एक माणूस सायकलवर गादी घेऊन चाललाय," त्या म्हणाल्या. "गादीच दिसतेय, माणूस नाही. मेला पडणार आता. नाही पडला. उजवीकडे एक कुत्रं आहे, स्वेटर घातलंय कुणीतरी त्याला, लाल. तुमच्यापेक्षा बरा आहे स्वेटर. सरदारजींच्या दुकानापुढे बायका बांगड्या भरतायत. पुढे, वर, एक पाटी आहे." "कसली?" त्या काचेशी वाकल्या. पाटी जुनी होती, रंग उडालेली, लांबच लांब. त्यांनी बोट उचललं आणि काचेवर ठेवलं, जसं लहानपणी पुस्तकावर ठेवायच्या. "दि... दिल्... दिल्ली. र... जा... ई..."

पुढे रस्ता मोकळा होता, मागची गाडी हॉर्न देत होती. प्रसन्नने मागे वळून बघितलं नाही. पार्किंग शोधत असल्यासारखी मान इकडेतिकडे करत त्याने गाडी अगदी सावकाश केली, पाटी वाचून संपेपर्यंत.